ओल्या लाकडाचे पैसे



यंदाच्या गणेशोत्सवात महाप्रसादाची पंगत दीड तास उशिरा बसली. बालवर्गातील मुले भुकेने रडवेली झाली आणि पालकांनी आम्हांला जे सांगायचे ते सांगितलेच. परंतु मांडवामागे काय चालले होते हे फार थोड्यांनी पाहिले. भट्टीतील लाकूड पेट घेत नव्हते. ओंडक्यांच्या टोकांतून फेस येत होता. धुराने चार हात पलीकडचे दिसत नव्हते आणि पुऱ्या लाटणाऱ्या मावशी एका हाताने डोळ्यांना पदर लावून लाटीत होत्या. त्यांपैकी एकींना खोकल्याची अशी उबळ आली की त्यांना उठवून व्हरांड्यात बसवावे लागले. दोष आचारी महाराजांचा नव्हता. दोष लाकडाचा होता आणि ते लाकूड आम्हीच पसंत केले होते.

उत्सवानंतरच्या बैठकीत दोन मते पुढे आली. एक मत असे की पुढच्या वर्षी पारखून फक्त कठीण लाकूड आणावे. दुसरे असे की हलके लाकूड स्वस्त मिळते, चटकन पेटते, तेच बरे. दोन्ही मते मांडणारी मंडळी अनुभवी आहेत. तरीही आम्हांला नम्रपणे म्हणावेसे वाटते की हा वाद चुकीच्या जागी चालला आहे. कारण यंदा जळता जळत नव्हते ते लाकूड बाभळीचेच होते, म्हणजे कठीणच होते. फक्त ते ओले होते.

आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. पुस्तकात 'कठोर काष्ठ' आणि 'मृदु काष्ठ' असे दोन भाग पाठ केले होते. इंग्रजीत त्यांनाच हार्डवुड आणि सॉफ्टवुड म्हणतात. नावावरून वाटते की नखाने ओरखडा उठला की मृदु, नाही उठला की कठोर. वनस्पतिशास्त्रात तसे नाही. रुंद पानांच्या, फुले येणाऱ्या झाडांचे लाकूड ते हार्डवुड, आणि चीड, देवदार अशा सूचिपर्णी झाडांचे ते सॉफ्टवुड. म्हणून खेळण्यातली विमाने करतात ते पिसासारखे हलके बाल्सासुद्धा हार्डवुडच ठरते. आपल्या माळव्यात तर साग, धावडा, पळस, बाभूळ, चिंच, आंबा, सावर ही सगळी रुंद पानांचीच झाडे. चीड आणि देवदार हिमालयातले. इंदूरच्या टालीवर सॉफ्टवुड आलेच तर ते बहुधा पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या म्हणून येते. तेव्हा आपल्यापुरता खरा भेद भारी लाकूड आणि हलके लाकूड इतकाच आहे.

हा भेद मात्र खरा आहे. बाभळीचे कोरडे लाकूड घनमीटरला साधारण ७५० ते ८०० किलो भरते. सावरीचे त्याच्या निम्म्याच्या आसपास. भारी लाकूड सावकाश जळते आणि त्याचे निखारे टिकतात. हलके लाकूड भडकन पेटते आणि लवकर विझते. म्हणून जाणते आचारी आधी हलक्या ढलप्यांनी भट्टी पेटवून घेतात आणि मग भारी लाकूड लावतात. पुऱ्यांच्या कढईखाली एकसारखी ज्वाळा लागते, भात मुरायला निखारे लागतात. दोन्ही लाकडांना आपापले काम आहे.

पण एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. किलोला किलो तोलले तर कोणत्याही जातीच्या कोरड्या लाकडातून निघणारी उष्णता जवळजवळ सारखीच असते. राळेमुळे पाइनची थोडी जास्तच भरते. पाश्चात्त्य देशांत सरपण रचलेल्या ढिगाच्या मापाने विकले जाते. तिथे भारी लाकूड घेणे शहाणपणाचे, कारण तेवढ्याच ढिगात वजन जास्त येते. आपल्या टालीवर लाकूड काट्यावर तोलून मिळते. काट्याला बाभूळ काय आणि सावर काय, सारखीच. आणि काटा लाकडाबरोबर त्यातले पाणीही तोलतो.

आठवीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः मांडून पाहावे. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. आपण १० क्विंटल लाकूड घेतले आणि त्यात ४० टक्के पाणी असले, तर लाकूड आले ६ क्विंटल आणि पाणी ४ क्विंटल. तेच लाकूड २० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवले, तर वजन साडेसात क्विंटल उरते. म्हणजे अडीच क्विंटल पाण्याचे पैसे आपण लाकडाच्या भावाने मोजले. इथेच नुकसान थांबत नाही. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. ते अडीच क्विंटल जादा पाणी उडवायला सुमारे दीड लाख किलोकॅलरी गेल्या, म्हणजे चाळीसेक किलो चांगले कोरडे लाकूड नुसते वाफ करण्यात संपले. शिवाय पाणी उडत असेपर्यंत आग थंड राहते, लाकडातून निघणारा वायू पुरता जळत नाही, आणि तोच धूर होऊन मावशींच्या डोळ्यांत जातो.

या धुराला आम्ही किरकोळ समजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरगुती इंधनाच्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. आपल्या पंगतीचा धूर वर्षातून एकदोनदाच होतो हे खरे. पण ज्या मावशी आपल्याकडे येतात, त्या वर्षभर अशाच भट्ट्यांपुढे बसतात. प्रसाद आपल्या ताटात आणि धूर त्यांच्या छातीत, ही वाटणी शाळेला शोभत नाही.

काही पालकांनी विचारले की गॅस का नाही. प्रश्न अगदी रास्त आहे. शाळेचा रोजचा चहा-फराळ गॅसवरच होतो. सहाशे पानांच्या स्वयंपाकाला लागणाऱ्या मोठ्या शेगड्या आणि सुरक्षित जागा यांची सोय विश्वस्त मंडळ ज्या वर्षी करील, त्या वर्षी हा लेख रद्द समजावा. आम्हांला आनंदच होईल. तोवर मात्र लाकूड नीट आणणे आपल्या हाती आहे.

ते नीट का येत नाही? कारण आपली वर्गणी आषाढात जमते, समिती श्रावणात बसते आणि लाकूड ऐन पावसात येते. त्या दिवसांत टालीवर उघड्यावर पडलेले लाकूड कोरडे कसे मिळणार? टालवाल्याला बोल लावून उपयोग नाही. चुकीच्या महिन्यात खरेदी आपण करतो.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आमची सूचना अशी आहे. सरपणाची रक्कम उत्सवाच्या वर्गणीवर न ठेवता फाल्गुनातच शाळेच्या खात्यातून आगाऊ द्यावी आणि वर्गणी जमल्यावर वळती करून घ्यावी. लाकूड चैत्रात घ्यावे, जातीचा फार आग्रह न धरता, पण फोडून घ्यावे. मनगटापेक्षा फार जाड ढलप्या नकोत, कारण अखंड ओंडका आत महिनोन् महिने ओला राहतो. सायकल स्टँडमागच्या पत्र्याखाली विटांवर फळ्या टाकून ते रचावे, वरून झाकावे, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. चैत्र-वैशाखाचे आपले ऊन फुकट आहे, ते वापरावे. खोक्यांच्या फळ्या घेतल्याच तर रंग, प्लायवुड किंवा औषध मारलेले लाकूड अन्नाच्या भट्टीत मुळीच जाऊ नये.

आगाऊ रक्कम चार महिने अडकून पडेल, ही कोषाध्यक्षांची अडचण आम्हांला समजते. पण वरचे गणित पाहता ती रक्कम पाण्यात घालण्यापेक्षा उन्हात ठेवलेली बरी.

विद्यार्थ्यांनाही एक काम आहे. रचलेल्या लाकडातील चार ढलप्यांवर खूण करून दर शनिवारी त्यांचे वजन वहीत लिहावे. वजन घटायचे थांबले की लाकूड हवेइतके वाळले असे समजावे. कोरड्या लाकडाच्या टोकांना भेगा पडतात, साल सुटते, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखण वाजतात. ओले लाकूड बद्द वाजते. ही परीक्षा लहान मुलालाही जमते.

पुढच्या भाद्रपदात पंगत वेळेवर बसावी, आणि वाढून झाल्यावर त्याच मावशींना आपण पहिल्या पंगतीच्या मानाने बसवून वाढावे, एवढी इच्छा आहे. त्या वेळी त्यांचे डोळे लाल नसावेत. त्यासाठी विश्वस्त मंडळाने हा विषय फाल्गुनापूर्वीच्या बैठकीत घ्यावा, ही विनंती.