‘नवीन’ उलटा केला तर

आयसीएसई शाळांत नववी-दहावीला ‘कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स’ हा विषय घेणारी मुले जावा ही संगणकभाषा शिकतात. सुरुवातीलाच फळ्यावर ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ ही ओळ येते आणि तिच्यामागून बहुधा ठरलेले वाक्यही येते : आत्ता लिहून घ्या, अर्थ पुढे कळेल. आम्हा साहित्याच्या अध्यापकांना हे वाक्य अपरिचित नाही. मुले कवितेचे रसग्रहण गाईडातून पाठ करतात, तेव्हा आपण तरी निराळे काय सांगत असतो?

तरीही या ओळीबद्दल आमची फारशी तक्रार नाही. कोणतीही भाषा शिकताना वापर आधी येतो आणि व्याकरण मागाहून. शिवाय सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या जावाच्या 25 व्या आवृत्तीत त्या लांबलचक ओळीवाचूनही पहिला प्रोग्राम लिहिता येतो. आमची चिंता पुढच्या एका धड्यापाशी सुरू होते.

दिलेला शब्द उलटा करून मूळ शब्दाशी ताडून पाहणे हा जावाच्या प्राथमिक अभ्यासातला नेहमीचा स्वाध्याय. उदाहरणे ‘मॅडम’, ‘लेव्हल’ अशी इंग्रजीच असतात. समजा, एखाद्या मुलीने तिथे मराठी शब्द घातले. ‘सरस’ उलटा करून ‘सरस’च आला, ‘कडक’ही तसाच राहिला. मग तिने ‘नवीन’ दिला. न, वी, न. कोणीकडूनही वाचा, नवीनच. संगणकाने मात्र ‘नीवन’ छापले आणि शब्द नापास केला. लांबी विचारली, तर उत्तर आले चार.

कारण सरळ आहे. जावा मजकुराची लांबी 16 बिटांच्या एककांत मोजते आणि युनिकोडमध्ये ‘नवीन’ची चार चिन्हे होतात : न, व, दुसरी वेलांटी, न. शब्द उलटताना वेलांटी ‘व’च्या आधी येते आणि शेजारच्या ‘न’ला चिकटते. यंत्राने सांगितले तेच केले. प्रश्न उरतो तो ‘अक्षर’ कशाला म्हणायचे, हा. आणि तो आमच्या विषयातला आहे. ‘नवीन’मध्ये अक्षरे तीन, लेखनानुसार वर्ण सहा, उच्चारात शेवटचा ‘अ’ लोपतो, म्हणून पाच, छंदशास्त्राच्या मात्रा चार, पण हे चार युनिकोडचे चार नव्हेत. एका शब्दाची इतकी मोजमापे आणि प्रत्येक आपापल्या जागी बरोबर! भाषाभ्यासाची याहून चांगली सुरुवात आम्हांला सुचत नाही.

प्रत्यक्षात त्या मुलीला काय उत्तर मिळेल? परीक्षेत इंग्रजीच शब्द येतात, हे सोडून दे. त्यातून ती एवढेच शिकेल, की आपली लिपी संगणकाच्या कामाची नाही. वस्तुस्थिती उलट आहे. जावात चलांची नावे देवनागरीत देता येतात. वेलांटीसह अक्षर ओळखण्यासाठी ब्रेकइटरेटर नावाची सोय त्या भाषेसोबतच येते. उणीव लिपीत नाही, संगणकभाषेतही नाही. ती वर्गातल्या मौनात आहे.

पंधरा वर्षांच्या मुलांवर युनिकोडचे सगळे शास्त्र लादावे, असे आम्ही म्हणत नाही. त्या दिवशी संगणकाच्या शिक्षकांनी मराठीच्या बाईंना वर्गात बोलवावे आणि बाईंनी ‘हा माझा विषय नव्हे’ असे म्हणू नये, इतकेच आमचे मागणे आहे. एक तास पुरेल. ‘पुढे कळेल’ हे उत्तर त्या पहिल्या ओळीपुरते एकवेळ क्षम्य मानू. आपल्याच भाषेतल्या अक्षराविषयी विचारणाऱ्या मुलीला ते देऊ नये.