दप्तरातले पूर्वज

तहसील कचेरीचा अभिलेख कक्ष ही सामान्य माणसाने एरवी सहसा पाय ठेवू नये अशी जागा. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र त्याच कक्षांच्या दाराशी महाराष्ट्रातील हजारो कुटुंबे ताटकळत उभी राहिली. त्यांना हवे होते ते आपल्या पणजोबाचे किंवा खापरपणजोबाचे नाव आणि त्या नावापुढे लिहिलेला एक शब्द. आपल्याकडे घराण्याचा इतिहास शोधणे हा आजवर काही सुस्थित घरांचा छंद मानला जाई; तो आता राज्यव्यापी उद्योग झाला आहे. त्यामागची निकड राजकीय व आर्थिक आहे, यात शंका नाही. पण या निकडीतून पूर्वजांविषयी आपल्या हाती नेमके काय लागले आणि काय निसटले, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

घटनाक्रम सर्वांच्या स्मरणात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा आरक्षणाचे आंदोलन तीव्र झाले तेव्हा निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जुन्या कागदपत्रांतील कुणबी नोंदींचा शोध घेणे हे तिचे काम. प्रथम ते मराठवाड्यापुरते होते, पुढे राज्यभर विस्तारले. मराठवाड्यातील पहिल्या टप्प्यात सुमारे १ कोटी ७३ लाख नोंदी तपासल्या गेल्या व त्यांत ११,५३० कुणबी नोंदी आढळल्याचे सरकारने जाहीर केले. राज्यभराचा आकडा नंतर ५० लाखांच्या पुढे गेला. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटचा आधार मान्य करणारा शासननिर्णय निघाला आणि इतर मागासवर्गीयांच्या प्रतिनिधींनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. या वादात न्याय्य बाजू कोणाची, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. ज्या कागदांवर हा सारा वाद उभा आहे त्या कागदांचा आणि त्यांतील माणसांचा प्रश्न त्याहून जुना आहे व व्यापकही आहे.

पुराव्याचे ओझे

कारण हा शोध एकाच समाजाच्या वाट्याला आलेला नाही. २००१ साली अंमलात आलेल्या राज्याच्या कायद्यानुसार जातीचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावरच आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा संबंध दाखवावा लागतो. बारावी उत्तीर्ण झालेला मुलगा अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी धडपडत असतो. त्याच वेळी त्याचे वडील प्रतिज्ञापत्रावर वंशावळ लिहून पडताळणी समितीच्या पायऱ्या झिजवत असतात. पणजोबाचे नाव शाळेत घालताना कोणा मास्तरांनी जनरल रजिस्टरात जो शब्द लिहिला, त्यावर शंभर वर्षांनंतर पणतवाची जागा अवलंबून राहते. मास्तरांना याची कल्पनाही नसेल. ज्यांना जन्मदिवस सांगता आला नाही अशा असंख्य मुलांचा जन्म त्यांनी १ जून रोजी लावून दिला. तशाच सहजतेने जातीच्या रकान्यातही कधी पोटजात, कधी धंदा, तर कधी नुसते आद्याक्षर लिहून टाकले.

गरजेपोटी पूर्वज शोधावे लागणे ही केवळ आजची गोष्ट नाही. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा दक्षिणेतील इनामदारांना आपल्या सनदा शोधाव्या लागल्या होत्या. ज्यांना कागद दाखवता आला नाही त्यांच्या इनामावर सारा बसला. पुण्याचे पेशवे दप्तर इंग्रजांनी सांभाळले त्यामागे इतिहासप्रेम नव्हते. असले दावे तपासण्याची सोय हा त्यांचा हेतू होता. परंतु त्याच रुमालांतून पुढे १९३० नंतरच्या काही वर्षांत गो. स. सरदेसाई यांनी निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले आणि मराठ्यांच्या इतिहासाला नवे साधन मिळाले. पुरावा म्हणून जमवलेला कागद कालांतराने समाजाच्या स्मृतीचा भाग होऊ शकतो, हा यातला धडा आहे. मात्र तो आपोआप होत नाही; कोणीतरी तो त्या दृष्टीने वाचावा लागतो.

आज ती दृष्टी दिसत नाही. शोधपथकांनी पाने उलटली ती एका शब्दासाठी. तो सापडला तर पानाची छायाप्रत निघाली. नाही सापडला तर पान पुन्हा फडक्यात बांधले गेले. पावणेदोन कोटी नोंदींमधून साडेअकरा हजार कामाच्या निघाल्या, याचाच अर्थ उरलेल्या नोंदी कोणाच्याच कामाच्या नाहीत असा प्रशासनाने घेतला. वस्तुत: त्याही कोणाच्या तरी पूर्वजांच्याच नोंदी आहेत.

तीन राजवटी, अनेक लिप्या

या नोंदी वाचणे सोपे नाही. १ मे १९६० रोजी जे राज्य एकत्र आले, त्याला तीन वेगवेगळ्या राजवटींची दप्तरे वारशाने मिळाली. मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांत जन्म-मृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात होई. जुने कागद मोडीत, नंतरचे बाळबोधीत. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली. तेथील महसुली कागद मुख्यत: उर्दूत आणि साल फसली. विदर्भाचे दप्तर मध्यप्रांत-वऱ्हाडच्या पद्धतीचे. एखाद्या कागदावर फसली १३४० असे साल दिसले की त्यात ५९० मिळवावे, शके असेल तर ७८ मिळवावे, हे साधे गणितही आता नव्या कारकुनाला कोणी शिकवत नाही. त्यातच जुन्या नोंदींत आडनाव बहुधा नसते. 'राणू बिन भिवा' एवढ्या नावावरून तो राणू आपलाच, हे ठरवण्यासाठी गाव, वाडी, गट नंबर आणि भाऊबंद यांची साखळी जुळवावी लागते. पुराभिलेख संचालनालय व काही संस्था मोडीचे वर्ग चालवतात. पण कागदांचे ढिगारे आणि ते वाचणारी माणसे यांचे प्रमाण पाहिले तर हे प्रयत्न अपुरे आहेत, असेच म्हणावे लागेल.

अक्षर लागले तरी दुसरी अडचण उरतेच. दप्तर ज्यांनी लिहिले त्यांची नजर त्यात उतरलेली असते. सरकारला ज्यांच्याकडून सारा घ्यावयाचा होता त्यांची नावे कागदावर आली. ज्यांच्या नावावर वीतभरही जमीन नव्हती ते बहुतेक अदृश्य राहिले. याला एक विदारक अपवाद आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्या जमातींना जन्मत:च गुन्हेगार ठरवण्यात आले, त्यांच्या पूर्वजांची नावे पोलिसांच्या हजेरीपटात सापडतात. हा कायदा १९५२ साली गेला. पण आजोबाचे नाव शोधायला निघालेल्या पारध्याच्या वा कैकाड्याच्या नातवाला ते गुन्हेगारांच्या यादीत भेटावे, याहून मोठी विटंबना कोणती? पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरत राहिलेल्या माणसाकडे शासन आज वास्तव्याचा जुना पुरावा मागते, तेव्हा आपण नोंदच केली नाही त्या गोष्टीची नोंद ते मागत असते. ज्याच्या पूर्वजांना दप्तराने वगळले त्याच्यावरच पुराव्याचे सारे ओझे टाकणे, हे न्यायाचे नव्हे.

स्त्रियांची गत याहून निराळी नाही. प्रतिज्ञापत्रावरील वंशावळीत बापापासून बापाकडे रेघ जाते. आई, आजी, पणजी यांना तेथे जागा नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचा माग दोन पिढ्यांतच पुसला जातो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्राने घेतला, तो या दृष्टीने स्वागतार्ह आहे. पण मागील पिढ्यांतील आयांची नावे आता घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडूनच मिळवावी लागतील.

कागद आणि कहाणी

आणि येथेच दप्तराबाहेरच्या साधनांचा प्रश्न येतो. आपल्याकडे वंशावळ राखण्याची परंपरा सरकारी कचेरीच्या कितीतरी आधीपासून आहे. कोल्हापूर-सांगली-बेळगाव भागात हेळवी घरोघर येऊन कुळाची नावे वाचून दाखवत आणि नव्या जन्मांची भर घालत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या कित्येक पिढ्यांची नावे आहेत. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपले कुलवृत्तान्त छापून काढले. ज्यांच्याकडे छापण्याजोगी वंशावळ नव्हती, त्यांच्यातूनच 'बलुतं' (१९७८) आणि 'उपरा' (१९८०) ही आत्मकथने पुढे आली. दया पवार आणि लक्ष्मण माने यांनी जे लिहिले, ते दप्तराने ज्यांची दखल घेतली नाही अशा घरांचे कुलवृत्तान्तच होते.

अर्थात घरातील कहाणी म्हणजे इतिहास नव्हे. आपला मूळ पुरुष कोणीतरी सरदारच होता, अशी समजूत घराघरांत आढळते. कर्ज, फितुरी, पळून जाणे, दुष्काळात गाव सोडणे या गोष्टी मात्र कोणी सांगत नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा ऐकीव बखरी अस्सल पत्रांशी ताडून पाहिल्या पाहिजेत असा आग्रह धरला होता. तोच नियम घरच्या गोष्टींना लागू आहे. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. कोतवाल बुकात १९१८ सालच्या पानावर एकाच घरातील मृत्यू एकाखाली एक लिहिलेले दिसतात व कारणाच्या रकान्यात 'ताप' एवढाच शब्द असतो. तो इन्फ्ल्युएन्झा होता, हे इतिहासाचे पुस्तक सांगेल. उरलेली पोरे कोणत्या आत्याने वाढवली, हे मात्र घरातील म्हातारीच सांगू शकते. कागदाशिवाय कहाणी भरकटते आणि कहाणीशिवाय कागद मुका राहतो.

काय करता येईल?

शासनाच्या हाती असलेली पहिली गोष्ट म्हणजे ज्या नोंदवह्या एकदा उघडल्या आहेत, त्या पूर्णपणे नोंदवून घेणे. एका जातीच्या पानांच्या प्रती काढून थांबण्याऐवजी प्रत्येक वहीची संपूर्ण प्रत आणि प्रत्येक नावाची गाववार सूची झाली पाहिजे. मॉरिशसमध्ये महात्मा गांधी संस्थेकडे गिरमिटिया मजुरांची दप्तरे आहेत. मळेवाल्यांच्या सोयीसाठी केलेल्या त्या नोंदींच्या आधारे आज त्यांचे वंशज, त्यांत मराठी भाषकही आले, आपल्या पूर्वजांचे मूळ गाव शोधतात. तिकडे जे साधते ते येथे अशक्य असण्याचे कारण नाही. अशा सूचीतून जातीची माहिती गैरहेतूने वापरली जाईल, ही भीती अनाठायी नाही. म्हणून सूची नावांची असावी आणि बाकीचा तपशील त्या कुटुंबालाच मिळावा. २००५ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने जुने कागद जपण्याची जबाबदारी शासनावर टाकलीच आहे. जो पुरावा शासनाच्याच कपाटात पडला आहे तो शोधण्याचे कष्ट नागरिकाकडून करवून घेणे आणि वाळवीने खाल्ला म्हणून त्याचाच दावा फेटाळणे, हा प्रकार तरी थांबला पाहिजे.

दुसरे काम शाळांचे. जनरल रजिस्टर हा गावाचा मोठा ठेवा आहे, हे मुख्याध्यापकांनी ओळखले तर गळक्या खोलीतून ते लोखंडी कपाटात येईल. इतिहासाच्या शिक्षकाने आठवी-नववीच्या मुलांना आजी-आजोबांकडून चार गोष्टी लिहून आणायला सांगाव्यात: मूळ गाव कोणते, ते का सोडले, पहिली शाळेत गेलेली बाई कोण, १९७२ च्या दुष्काळात घर कसे चालले. या गोष्टींना मार्क नसतील. पण दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या पिढीतील माणसे आता सत्तरी-ऐंशी पार करून गेली आहेत आणि त्यांच्या आठवणींची नक्कल कोणत्याही कचेरीत मिळत नाही.

तिसरे काम प्रत्येक कुटुंबाचे. दाखल्यासाठी केलेली वंशावळ काम होताच रद्दीत जाते. तिच्यात लेकीसुनांची नावे घालावीत, प्रत्येक नावापुढे त्या माणसाचा धंदा, गाव व आठवणीत राहिलेली एखादी हकीकत लिहावी, आणि ती पुढच्या पिढीच्या हाती द्यावी. एवढे करायला मोडी येण्याची गरज नाही.

आरक्षणाचा वाद आज ना उद्या कोणत्या तरी निर्णयाने मिटेल. त्या निमित्ताने उघडलेली दप्तरे मात्र पुन्हा बंद झाली, तर पूर्वजांचे आपल्याला जातीपुरतेच प्रयोजन होते अशी नोंद आपल्या पिढीच्या नावे राहील. ज्या माणसांनी नांगर धरला, खडी फोडली, प्लेगमध्ये गाव सोडले आणि मुलांना पहिल्यांदा शाळेत घातले, त्यांची ओळख एका रकान्यातील एका शब्दावर संपवण्याचा अधिकार आपल्याला नाही.