खलपुरुषाच्या दारावरील पाटी

कथा-कादंबऱ्यांतील व चित्रपटांतील खलपुरुषांविषयीं आम्हांस एक जुनें कुतूहल आहे. जगाच्या दृष्टीआड राहण्यासाठीं हे लोक अपार खटपट करतात, आणि मग आपल्या लपण्याच्या जागेवर अशी खूण करून ठेवतात कीं, शाळा चुकवून हिंडणाऱ्या पोरासही ती सहज सांपडावी. दरवाजावर कोरलेली कवटी, ओसाड वाड्याच्या खिडकींत मध्यरात्रीं हालणारा हिरवा दिवा, तळघराच्या पायरीवर आयताच पडलेला विंचवाच्या आकाराचा पदक! एवढें झाल्यावर बिचाऱ्या गुप्तहेरानें शोधावयाचें तें काय राहिलें?

पाश्चात्त्य चित्रपटांनीं या बाबतींत कळस केला आहे. ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ या १९६७ सालच्या जेम्स बाँडच्या चित्रपटांत खलनायक जपानांतील एका ज्वालामुखीच्या पोटांत बिऱ्हाड करून राहतो. वर सरोवर भासावें असें खोटें झांकण, आणि आंत अग्निबाणाचा तळ, लोहमार्ग व गणवेशधारी सैन्य! केन ॲडम या कलादिग्दर्शकानें इंग्लंडांत पाइनवुड येथें हा देखावा उभारला, तेव्हां त्यास सुमारें दहा लक्ष डॉलर खर्च आला. याच मालिकेंतील पहिला चित्रपट, १९६२ चा ‘डॉक्टर नो’, जवळजवळ तेवढ्याच रकमेंत संपूर्ण तयार झाला होता. आमच्यासारख्या संसारी माणसास प्रथम शंका येते ती अशी कीं, या गुपिताचे गवंडी व सुतार सुटीवर घरीं गेले म्हणजे बायकोस काय सांगत असतील? पुन्हां या गुप्त संघटनेचें चिन्ह अष्टपाद जलचर. आणि ‘थंडरबॉल’ या १९६५ च्या चित्रपटांत तिचा एक प्रमुख तेंच चिन्ह अंगठीवर घालून राजरोस मिरवतो.

अमेरिकेंतील ‘बॅटमॅन’ ही दूरचित्रवाणी मालिका १९६६ ते १९६८ पर्यंत चालली. तींत खलांचा अड्डा पडद्यावर आला कीं, चित्रच तिरपें होत असे. संस्कृतांत ‘कुटिल’ शब्दाचे वांकडा आणि कपटी असे दोन्ही अर्थ आहेत. त्या मंडळींनीं हा श्लेष कॅमेराच कलता धरून साधला! आपल्याकडेही १९८० च्या ‘शान’मधील शाकाल व १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’मधील मोगँबो यांनीं बेटावर दरबार थाटलेच होते.

याचें कारण उघड आहे. ही पाटी पोलिसांसाठीं नसून प्रेक्षकांसाठीं असते. कथेस वेळ थोडा. दार उघडतांच ‘हें पापाचें घर’ असें पाहणारास कळलें पाहिजे. दुसरें कारण मनुष्यस्वभावांत आहे. दुष्कृत्य करणारासही कौतुक हवें असतें. शूद्रकाच्या मृच्छकटिकांतील शर्विलक पाहा. चतुर्वेदी ब्राह्मणाचा हा पुत्र भिंतीस भगदाड पाडतांना जानव्यानें माप घेतो. कमळ, सूर्य, चंद्रकोर यांपैकीं कोणता आकार शोभेल याचा विचार करून अखेर पूर्णकुंभ निवडतो. कारण सकाळीं नगरजनांनीं तें पाहून वाहवा करावी! आणि घर फुटलेला चारुदत्तही प्रथम त्या भगदाडाच्या सौंदर्याचीच तारीफ करतो.

परंतु खरें लपणें व खरें सांपडणें कसें असतें, हें विशाखदत्तानें मुद्राराक्षसांत दाखविलें आहे. राक्षस हा खल नव्हे, चाणक्याचा प्रतिपक्षी. त्यानें आपलें कुटुंब चंदनदास या रत्नांच्या व्यापाऱ्याच्या घरीं ठेवलेलें असतें. त्या घरावर पाटी नाहीं, खूण नाहीं. चाणक्याचा हेर यमपट दाखवीत तेथें शिरतो. इतक्यांत पांचएक वर्षांचें एक पोर कुतूहलानें बाहेर डोकावतें. आंतल्या बायकांची घाबरी कुजबुज होते. एक स्त्री हात पुढें करून त्यास आंत ओढते, आणि पुरुषाच्या बोटाच्या मापाची सैल अंगठी तिच्या बोटांतून निसटून हेराच्या पायाशीं येऊन थांबते. तीवर राक्षसाचें नांव! लहान मुलाचा कुतूहलभाव आणि आईची धांदल, एवढ्यानें एका मुत्सद्द्याचें सारें कारस्थान उलगडतें. हें वाचतांना हंसूं येत नाहीं. उलट त्या माउलीसाठीं जीव हळहळतो.

हा भेद केवळ रसिकतेचा असता, तर आम्ही येथेंच थांबलों असतों. पण पाटी पाहून दुष्ट ओळखण्याची संवय जडली, म्हणजे बिनपाटीचा दुष्ट ओळखूं येत नाहीं. आणि सज्जनाची पाटी लावून आलेला तर मुळींच नाहीं. अलीबाबाच्या गोष्टींत चोर त्याच्या दारावर खडूची खूण करतो, तेव्हां चतुर मर्जिना शेजारच्या दारांवरही तशाच खुणा करून ठेवते. खूण कोणासही करतां येते, हेंच तिनें ओळखलें. आजचे ठग तेंच ओळखून आहेत. मोबाइलच्या पडद्यावर पोलिसी गणवेश, मागें ठाण्याचा देखावा, मुद्रा उमटलेले कागद! तुमचें नांव गुन्ह्यांत आलें आहे, पडद्यासमोरून हलूं नका, घरांत कोणास सांगूं नका, पैसे पाठवा. या प्रकारास ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. अशी अटक भारतीय कायद्यांत नाहींच. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधानांनीं ‘मन की बात’मध्यें याविषयीं देशास सावध केलें होतें. तरीही शिकलेलीं, वृद्ध, आयुष्यभर नियमानें वागलेलीं माणसें यांत बुडतात. कारण त्यांचा पाटीवर विश्वास असतो.

या ठगीची खरी खूण गणवेशांत नसून ‘घरांत कोणास सांगूं नका’ या एका वाक्यांत आहे. ज्या घरांत चार पिढ्या एकत्र नांदतात, तेथें याचा उपाय हाताशींच आहे. फोन खालीं ठेवावा, माजघरांत येऊन घडलें तें सर्वांदेखत मोठ्यानें सांगावें, आणि पैसे गेलेच असतील तर लाजेपायीं न दडवितां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. सुनेनें वा नातवानें सासऱ्यास, आजोबांस त्या वेळीं हंसूं नये, एवढीच आमची विनंती आहे.