शकुंतलेची वाट सायकलला द्या

मूर्तिजापूर ते अचलपूर हे अंतर शकुंतला रेल्वेच्या रुळांवरून ७६ किलोमीटर आहे. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ही अडीच फुटी रेल्वे बांधली ती वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे नेण्यासाठी. बनोसा म्हणजे दर्यापूर, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट ही गावे तिने एका धाग्यात ओवली. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन ओढत होते, आणि देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारजमा झाल्यानंतरही तिची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. पुढे गाडी बंद पडली. रुंदीकरणाच्या घोषणा झाल्या, निवेदने गेली, आंदोलने झाली; रुळांत मात्र वेडी बाभूळ माजत राहिली. ब्रॉडगेज यायची तेव्हा येवो, तोवर या भरावावर सायकलचा सलग मार्ग करावा, असे माझे ठाम मत आहे. सामान लादून दूरचा प्रवास करणारा सायकलस्वार दिवसभरात सत्तर-ऐंशी किलोमीटर सहज जातो. म्हणजे हा बरोबर एका दिवसाचा प्रवास आहे, आणि वऱ्हाड समजून घ्यायला याहून चांगला दिवस सापडणे कठीण आहे.

दूरवरच्या सायकलप्रवासाला आता मराठी माणूस नवखा राहिलेला नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघाल्या, तो ओसाड खंड पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडला आणि पुढे सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. अशा माणसांचे सत्कार आपण मनापासून करतो. पण त्यांचे पाहून अंजनगावच्या किंवा दर्यापूरच्या एखाद्या मुलीला सायकलवर दूर जावेसे वाटले, तर तिने जायचे कुठून? परतवाडा–अंजनगाव–अकोट रस्त्यावर ट्रक, एसटी आणि संत्र्याच्या गाड्यांच्या गर्दीतून? रस्ता रुंद झाला की वाहनांचा वेग वाढतो आणि सायकल डांबर सोडून कडेच्या मुरमात ढकलली जाते. चांगले रस्ते व्हायलाच हवेत, पण त्यांनी सायकलचा प्रश्न सुटत नाही. उलट तो अधिक धोक्याचा होतो. म्हणून वेगळी वाट हवी, आणि ती या भागात शंभर वर्षांपूर्वीच बांधून ठेवलेली आहे.

त्या वाटेवरून दिवस कसा जाईल, ते पाहू. पहाटे मूर्तिजापूर सोडले की पूर्णेचे खोरे लागते. हा खारपाणपट्टा. जमीन काळी, खोल, नजर पोचेल तिथवर सपाट; विहिरीचे आणि बोअरचे पाणी खारे. ना ते पिता येते, ना त्यावर धड ओलीत करता येते. म्हणून इथे कपाशी, तूर, हरभरा असा पावसावरचा आणि जमिनीतल्या ओलीवरचा कारभार. पूर्णा ओलांडून, चंद्रभागेकाठचे दर्यापूर मागे टाकून उत्तरेला निघाले, की सातपुड्याची निळसर रेघ हळूहळू जाड होऊ लागते. अंजनगावच्या आसपास पाणी गोडे होते. ही गोष्ट कुणी सांगावी लागत नाही, पिकेच सांगतात. कपाशीच्या जोडीला केळी आणि संत्री दिसू लागतात, पानमळे लागतात, आणि त्यांच्या सोबतीने या भागाची खास ओळख असलेली पानपिंपरी. झाडांच्या आधाराने चढलेला तिचा वेल दाट सावलीत असतो. बोटाच्या पेराएवढी हिरवी फळे पिकण्याआधी तोडून उन्हात वाळवतात, ती काळपट, सुरकुतलेली होतात आणि आयुर्वेदिक औषधांच्या बाजारात जातात. मोटारीतून जाणाऱ्याला पानमळा म्हणजे रस्त्याकडेचा एक अंधारा हिरवा चौकोन. सायकलवाल्याला त्याच्या आतला गारवा अंगावर जाणवतो. खाऱ्या पाण्याच्या मुलखातून गोड्या पाण्याच्या मुलखात जाणे हा वऱ्हाडच्या शेतीचा, कर्जाचा आणि स्थलांतराचा अर्धा इतिहास आहे. तो एका दिवसात डोळ्यांनी वाचता येईल, असा वेग सायकलचाच.

दुसरा इतिहासही याच वाटेवर आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह झाला तो सुर्जी-अंजनगावला. त्याच्या पंधरवडाभर आधी गाविलगड किल्ला इंग्रजांच्या हाती पडला होता. या तहाने दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख शिंद्यांच्या हातून गेला, तरी आज शाळेतल्या मुलांना हे नाव परीक्षेपुरतेच माहीत असते. अंजनगाव सुर्जी तालुक्यातले शेंडगाव हे गाडगेबाबांचे जन्मगाव आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाकडे त्यांचे बालपण गेले. म्हणजे त्यांचे जन्मगाव आणि बालपणीचे गाव या वाटेने जोडलेल्या दोन तालुक्यांत आहेत. आयुष्यभर पायी फिरलेल्या आणि वाटसरूंसाठी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधणाऱ्या या माणसाच्या मुलखात दूरच्या प्रवाशाला मुक्कामाची सोय नसावी, हे मला खटकते.

बांधकामाचा विचार केला तरी हा भरावच सोयीचा ठरतो. काळ्या मातीत पावसाळ्यात सायकल चालत नाही. चिखल चाक आणि मडगार्डच्या मध्ये साठतो, पाच-पन्नास पावलांत चाक फिरायचे थांबते, मग काडीने खरडत बसावे लागते. पांदण रस्त्यांची हीच रड आहे. रेल्वेचा भराव शेतापासून उंच आहे, त्यावर गिट्टी आहे, मोऱ्या आहेत, आणि चढ इतका मंद की लहान मुलालाही जड जाऊ नये. गिट्टीवर मुरूम टाकून दाबला, बाभळी मुळासकट काढल्या (नाहीतर काट्यांनी दर किलोमीटरला पंक्चर), पुलांना कठडे घातले आणि स्टेशनांच्या जुन्या इमारतींत नळयोजनेचे पाणी आणून सावली केली, की काम बहुतांशी झाले. यात पाणी सगळ्यांत महत्त्वाचे. ऑस्ट्रेलियाच्या नलारबॉर पठारावर एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत शंभर-दीडशे किलोमीटर पाण्याचा थेंब नसतो. इथे दर चार-सहा किलोमीटरला गाव आहे, तरी खारपाणपट्ट्यात हापशाचे पाणी पिऊन तहान भागत नाही. म्हणून प्रत्येक स्टेशनावर गोड्या पाण्याचा नळ ही या मार्गाची पहिली अट हवी.

पहिला आक्षेप शकुंतलेसाठी झटणाऱ्यांचाच असेल, आणि तो रास्त आहे: एकदा रूळ काढले की रेल्वे कायमची गेली. ही भीती मला खरी वाटते. तिचे उत्तर मात्र सायकलमार्ग नाकारण्यात नाही. अमेरिकेत १९८३ च्या कायद्याने अशी सोय केली, की बंद पडलेल्या रेल्वेची जागा पायवाट किंवा सायकलवाट म्हणून वापरात ठेवायची आणि गरज पडेल तेव्हा तिथे पुन्हा रूळ टाकण्याचा हक्क शाबूत राखायचा. तशी तरतूद इथे लेखी करून घेता येईल. खरा धोका आहे तो रिकाम्या जागेला. दहा वर्षे कुणी न फिरकलेल्या जमिनीवर बांध सरकतात, टपऱ्या उभ्या राहतात, घरे होतात, आणि मग ब्रॉडगेजसाठी तीच जागा नव्याने मिळवावी लागते. रोज माणसे जात-येत असलेली वाट गिळणे सोपे नसते. मालकीचा जुना गुंता कागदावर सोडवणे हे त्याआधीचे काम. ते रेल्वेसाठीही टाळता येणार नाही.

दुसरा आक्षेप, इथे येणार कोण? अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्या दिवसांत कुणीही येऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम पुरेसा आहे. न्यूझीलंडमध्ये ओटागो प्रांतातली रेल्वे १९९० मध्ये बंद पडली. तिच्या सुमारे दीडशे किलोमीटर वाटेवर २००० साली सायकलमार्ग पूर्ण झाला आणि उतरणीला लागलेल्या खेड्यांत खाणावळी, मुक्कामाच्या खोल्या, दुरुस्तीची दुकाने चालू लागली. आपल्याकडे तर अचलपूरच्या पुढे चिखलदरा आहे, मेळघाट आहे. आज पर्यटक थेट वर जातात आणि खालच्या गावांना धुळीखेरीज काही मिळत नाही. पण पर्यटक एकही आला नाही असे धरले, तरी मार्ग वाया जात नाही. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या मागास तालुक्यांत मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात. सायकल द्यायची आणि ती सुरक्षित चालवायला वाट द्यायची नाही, हे धोरण अर्धवट आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जड. कापसाला भाव नाही, शेतकरी गळफास घेतो, आणि तुम्हाला सायकली सुचतात? हा प्रश्न विचारणाऱ्याचा राग मी समजू शकतो. पण मुरमाच्या वाटेचा खर्च हा हमीभावाच्या किंवा सिंचनाच्या पैशातून कापायचा नाही. तो रस्त्यांच्या खर्चातला लहानसा वाटा आहे. जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून गिनीज विक्रम झाला. माना हे मूर्तिजापूर तालुक्यातलेच गाव. म्हणजे शकुंतलेच्या वाटेएवढ्याच लांबीचा पट्टा याच भागात पाच दिवसांत होऊ शकतो, ही गोष्ट सिद्ध झालेली आहे. आणि या वाटेने शेतकरीही शेतात जाईल, मजूर बायाही पावसाळ्यात चिखल न तुडवता जातील.

सुरुवात अंजनगाव ते अचलपूर या टप्प्यापासून करावी. पाणी गोडे, झाडी आहे, पथ्रोट मध्ये थांब्याला आहे, आणि पुढे चिखलदऱ्याची वाट. रेल्वेने भरावाची मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत, ग्रामपंचायतींनी ठराव करून आपापल्या हद्दीतली देखभाल अंगावर घ्यावी, आणि जिल्हा नियोजन समितीने येत्या आराखड्यात या टप्प्यासाठी वेगळी रक्कम दाखवावी. मोजणी या हिवाळ्यात झाली, तर मुरूम पुढच्या पावसाळ्याआधी पडू शकतो.