जखम आधी आतून भरू द्या

गेल्या उन्हाळ्यात आमच्या चाचांच्या डाव्या हाताला, कोपराच्या चार बोटं खाली, गळू झालं. आधी करट समजून कुणी लक्ष दिलं नाही. मग चाचींनी अळशीचं पोटीस बांधलं. हात लालबुंद होऊन रात्रभर ठणकायला लागला तेव्हा कुठे दवाखान्याची आठवण झाली. डॉक्टरांनी जागा बधिर करून चिरा दिला, दोन-तीन चमचे पू काढला, आत गॉजची पट्टी भरली आणि दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला यायला सांगितलं. ठणका तासाभरात थांबला. घरात शुक्राना झाला, आणि दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला कुणीच गेलं नाही. पू तर निघाला, आता काय राहिलं, असं चाचांचं म्हणणं. आम्हालाही ते पटलं, हे कबूल केलं पाहिजे.

चाचा पाच वक्तचे नमाजी. वुजू करताना हात कोपरापर्यंत धुवायचा, म्हणून ते बँडेजसकट हात नळाखाली धरायचे. ओली पट्टी तशीच अंगावर वाळायची. तिसऱ्या दिवशी त्यांना जखमेतून गॉजचं टोक बाहेर आलेलं दिसलं. डॉक्टर आत कापड विसरले असं वाटून त्यांनी ते ओढून फेकून दिलं. शेजारच्या खालांनी हळद भरायला सांगितली, कुणी एक पावडर आणून दिली. आठवड्यात जखमेचं तोंड मिटलं, वर खपली धरली. चाची येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायच्या. दहाव्या दिवशी चाचांना हुडहुडी भरून ताप आला, हात पुन्हा फुगला. त्याच जागी दुसरा चिरा द्यावा लागला, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी आम्हाला जवळ बोलावून जखम दाखवली. साध्या कापण्याच्या जखमेला टाके घालतात. गळवाच्या जखमेला बहुधा टाके घालत नाहीत, ती मुद्दाम उघडी ठेवतात. आतली पोकळी तळापासून वर भरत यायला हवी, आणि चामडी सर्वांत शेवटी जुळायला हवी. तोंड आधी मिटलं तर आत राहिलेला पू आणि जंतू कोंडले जातात. आत भरलेलं गॉज कुणी विसरलेलं नसतं. पू बाहेर येत राहावा आणि तोंड लवकर मिटू नये यासाठी ते ठेवलेलं असतं. लहान गळवात काही डॉक्टर गॉज भरतही नाहीत. पण भरलं असेल तर ते कधी काढायचं हे त्यांनीच सांगायचं, आपण ओढायचं नाही.

मग ड्रेसिंगचं काम आमच्याकडे आलं. पहिल्या दोन दिवशी आमचेच हात थरथरले. दुखण्याची गोळी अर्धा तास आधी दिली की चाचा कमी कण्हतात, हे तिसऱ्या दिवशी कळलं. साबणाने हात नीट धुवायचे, जुनी पट्टी काढून पिशवीत बांधून टाकायची, पुन्हा हात धुवायचे, मग नवी पट्टी. गॉज चिकटलं असेल तर ओढायचं नाही. त्यावर मिठाचं पाणी सोडून पाच मिनिटं थांबलं की ते आपोआप सुटतं. मेडिकलमध्ये सलाईनची बाटली मिळते. घरी करायचं तर एक लिटर पाणी उकळून, निववून त्यात सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे चहाचा दीड चमचा मीठ घालावं आणि रोज ताजं करावं. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड ही औषधं आत ओतू नयेत. जंतूंबरोबर ती नव्याने येणारं कोवळं मांसही जाळतात. हळद, कॉफी, राख, कॅप्सूल फोडून टाकलेली पावडर यांतलं काहीही आत भरू नये. हळद सालनात राहू द्या.

जखम बरी होतेय की बिघडतेय हे ओळखता आलं की निम्मी भीती जाते. पहिले काही दिवस पाण्यासारखा किंवा गुलाबी स्राव येतो, त्याला घाबरू नये. तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल, दाणेदार मांस दिसू लागलं आणि पुसताना त्यातून थोडं रक्त आलं, तर ते चांगलं लक्षण आहे. आम्ही ते पाहून पहिल्यांदा दचकलो होतो. पण ठणका कमी होण्याऐवजी वाढला, भोवतालची लाली पसरू लागली, लाल रेघ वर चढली, घाण वासाचा दाट पू आला किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. सकाळची वाट पाहायची नाही.

वुजूचं काय, हा प्रश्न चाचांनी दवाखान्यातच विचारला. नमाज सुटण्यापेक्षा हात सडलेला परवडला, असंही म्हणाले. आम्ही मोहल्ल्यातल्या मौलानांकडे गेलो. डॉक्टरांनी पाणी मना केलं असेल तर बाकीचा हात धुवा आणि पट्टीवर ओला हात फिरवा, म्हणजे मसह करा, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी एक हदीसही ऐकवली. ती अबू दाऊदच्या संग्रहात आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली होती. त्याला गुस्लची गरज पडली. तयम्मुम चालेल का, असं त्याने सोबत्यांना विचारलं, त्यांनी नाही म्हटलं. त्याने आंघोळ केली आणि तो दगावला. पैगंबर (स.) यांना हे कळलं तेव्हा ते फार नाराज झाले. माहीत नव्हतं तर विचारलं का नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. चाचा बराच वेळ गप्प बसले.

मसल्यात तपशिलाचा फरक आहे. आमचं घर हनफी, वहिनी कोकणातल्या, शाफई. शाफई मसलकात अशा वेळी मसहबरोबर तयम्मुमही करतात. जखमेतून पू किंवा रक्त वाहिलं तर हनफींच्या मते वुजू तुटतो, शाफईंच्या मते नाही. त्यामुळे घरात दोन दिवस चर्चा रंगली. आपापल्या इमामसाहेबांना विचारावं हे उत्तम. रमजानमध्ये असं झालं आणि औषधाच्या वेळा सांभाळणं कठीण असेल, तर आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे.

दुसऱ्या चिऱ्याच्या वेळी रक्त तपासलं, तेव्हा चाचांची साखर २८० निघाली. त्यांना कल्पनाच नव्हती. साखर वाढली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, जखम रेंगाळते, गळवं पुन्हा पुन्हा होतात. पाठीवर किंवा मानेवर अनेक तोंडांची काळपुळी झाली तर जुनी माणसंही मधुमेहाचा संशय घेत. चाळिशीनंतर गळू झालं तर साखर तपासूनच घ्यावी. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आली तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात.

खाण्याच्या बाबतीत चाचींनी भात, अंडी, मटण सगळं बंद केलं होतं. भाताने पू होतो म्हणे. पू जंतूंमुळे होतो. मांस भरून यायला प्रोटीन लागतं. अंडी, डाळ, मासे, गोश्त, दही द्यावं, मधुमेह असेल तर गोड आणि भाताचं प्रमाण सांभाळावं. तंबाखू आणि मिश्री मात्र खरोखर बंद करावी, त्यांनी जखमेकडे जाणारं रक्त कमी होतं. गळवाचे जंतू घरात पसरतात, म्हणून टॉवेल वेगळा ठेवावा आणि कपडे गरम पाण्यात धुवावेत.

भगिनींसाठी एक गोष्ट. बगलेत, जांघेत, बसण्याच्या जागी किंवा छातीवर गळू झालं की आपल्याकडे लाजेने लपवतात. आमच्याच नात्यातल्या एका मुलीने बाळंतपणानंतर छातीचं गळू पंधरा दिवस लपवलं. लेडी डॉक्टर मागून घ्या, पण जा. त्या छातीतलं दूध तुंबू देऊ नये. बाळाला पाजायचं की काढून टाकायचं, ते डॉक्टर जखमेची जागा पाहून सांगतात. शौचाच्या जागेजवळ पुन्हा पुन्हा गळू होत असेल तर आत भगंदर असण्याची शक्यता असते. तिथे नुसता चिरा पुरत नाही.

चाचांची जखम भरायला पाच आठवडे लागले. तळ वर येताना आम्ही रोज पाहत होतो, कधी दोन दिवस काहीच फरक दिसायचा नाही. शेवटी चामडी जुळली तेव्हा चाचींनी कुणालाच दाखवली नाही. चाचा आता बाह्या दुमडून, कोपर नीट भिजवून वुजू करतात, आणि दर तीन महिन्यांनी साखर तपासायला आम्हालाच सोबत नेतात.