यजमानांचं रक्त कशाला?

मैत्रिणींनो, बदलापूरच्या एका भगिनीचं पत्र आलंय. तिला तिसरा महिना लागतोय. रक्त कमी म्हणून गोळ्या चालू होत्या, पण रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी यजमानांचंही रक्त मागितलं. ती लिहिते, ‘डॉक्टरांनी आमच्यासमोरच मुंबईला फोन लावून कुणाला तरी विचारलं. सासूबाई म्हणतात, ज्याला स्वतःला येत नाही त्याच्याकडे कशाला जायचं? आणि बाळंतपण बाईचं, पुरुषाचं रक्त कशाला?’

ताई, डॉक्टर मुळीच बदलू नका. (उत्तर छापून यायला वेळ लागतो, म्हणून तुम्हाला आधीच कळवलंय. हे इतर भगिनींसाठी.)

अहो, पन्नाशी ओलांडलेले आपले डॉक्टर कॉलेजात जनुकांचं प्रकरण परीक्षेपुरतं वाचायचे. माणसाच्या जनुकांचा आराखडा पुरा झाल्याचं जाहीर झालं तेच मुळी २००३ साली. बाकीचं ते दवाखान्यात, तुमच्या-आमच्या रिपोर्टांवरून शिकले. आपल्या भागात हे शिकवलं थॅलेसेमियानं. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात सिंधी कुटुंबं आली. १९४९ मध्ये त्याचंच उल्हासनगर झालं. सिंधी, लोहाणा, पंजाबी घरांत या आजाराचे वाहक जास्त आढळतात. मराठी घरांत नसतात असं मात्र समजू नका.

वाहक माणूस धडधाकट असतो. हिमोग्लोबिन जरा कमी, आणि गोळ्या घेऊनही वाढत नाही, इतकंच. जाणत्या डॉक्टरांना शंका येते ती तांबड्या पेशींवरून: आकारानं बारीक, पण संख्येनं भरपूर. मग ते ‘हिमोग्लोबिन ए-टू’ तपासायला सांगतात. ते साडेतीन-चार टक्क्यांच्या वर गेलं की बहुधा वाहक. पुढे जनुकातला नेमका बिघाड शोधावा लागतो. सिंधी कुटुंबांत पुष्कळदा ६१९ अक्षरांचा तुकडाच गळलेला असतो, इतरांत आणखी काही. हे कुठल्या फॅमिली डॉक्टरांना पाठ असणार? परळला केईएमच्या आवारात रक्ताच्या अशा आजारांची राष्ट्रीय संस्थाच आहे. तिथल्या जाणकारांना विचारावंच लागतं. मला तरी विचारणारा डॉक्टर बरा वाटतो. वर्षानुवर्षं नुसत्या लोहाच्या गोळ्या देणारेही मी पाहिलेत.

आता यजमानांचं. त्यांचं रक्त चांगलं निघालं, तर बाळाला मोठा थॅलेसेमिया होत नाही. दोघंही वाहक असाल, तर प्रत्येक खेपेला चारांत एक शक्यता. अशा मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, शिवाय अंगात साठणारं लोह काढायची औषधं. सासूबाईंना एवढंच सांगा, की बाळाला अर्धा वाटा बापाकडूनही येतो.

घाई आहे ती एवढ्यासाठी, की वारेचा कण काढून गर्भाची तपासणी साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात करतात, आणि त्याआधी दोघांचे बिघाड सापडलेले असावे लागतात. तेव्हा यजमानांना उद्याच पाठवा. उपाशीपोटी नको, चहा-नाश्ता करून गेले तरी चालेल. जुने रिपोर्ट सोबत द्या. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. लोह खरोखरच कमी असेल, तर ए-टूचा आकडाही फसवा येतो.

रिपोर्ट आला की लिहा. नाव छापणार नाही.