जुळला म्हणजे किती जणांशी?



पवनीहून वैनगंगेच्या काठाने खाली गेले की देसाईगंज. तिथल्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. तिच्या कपड्यांवर आणि एका पोलिसाच्या पायजम्यावर वीर्याचे डाग सापडले होते. तरी अंगावर जखमा नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले. शास्त्रीय पुराव्याची आपली मागणी तेव्हापासूनची.

आता तो येतो आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे होणार आहे. पण अहवाल काय म्हणतो ते आपण वाचतो का?

मागच्या महिन्यात मी एका मुलीच्या आईला सांगितले, "रक्तगट जुळला, आता काळजी नको." आरोपीच्या वकिलाने तपास अधिकाऱ्याला एवढेच विचारले : असा किती जणांचा जुळेल? उत्तर आले नाही. माझ्याकडेही नव्हते.

गट बी होता. आपल्याकडे साधारण तिघांत एकाचा असतो. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्यात सहा लाखांवर पुरुष; म्हणजे जुळणारे दोन लाख! डीएनए याहून फार नेमका, पण नमुना अपुरा वा मिसळलेला असला की तोही ढिला पडतो. समजा, लाखात एकाशीच जुळतो. सरकारी वकील म्हणतील, आरोपी निर्दोष असण्याची शक्यता लाखात एक. हे साफ चूक. जिल्ह्यातच असे सहाएक पुरुष निघतील. मात्र मुलीने स्वतः त्यालाच ओळखले असेल, तर तोच आकडा फार वजनदार होतो. हे मांडायचे कोणी?

२०२२ मध्ये मध्य प्रदेशातील मनोज खटल्यात डीएनए अहवालात हे प्रमाणच नसल्याची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली. २०२३ मध्ये ठाणे जिल्ह्यातील सहा वर्षांच्या मुलीच्या खटल्यात फाशी झालेला आरोपी सुटला. एक कारण, नमुने उशिरा पाठवले गेले. मुलीच्या आईबापांच्या हाती काय राहिले?

सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. पण न्यायालय त्याला बोलावू शकते. प्रमाण किती, कोणत्या लोकसंख्येवरून काढले, पाकीट सीलबंद कधी झाले, नागपूरच्या प्रयोगशाळेत कधी पोचले, हे त्यालाच विचारावे लागेल. पुढच्या तारखेआधी मी तशा अर्जासाठी सरकारी वकिलांना भेटणार आहे. मुलीची आई सोबत येते आहे.